खाटकाची उमेदवारी

दुकान बंद झालं तेव्हा आन्स्गार ब्र्यूनिंग सेहेचाळीस वर्षांचा होता आणि त्याला जगात एकच गोष्ट येत होती: मांस कापणं. ती मात्र अशी यायची की होर्स्टवेडेतल्या बायका गाव सोडून गेल्या तरी सणावाराला खिमा न्यायला परत यायच्या. पण मालक थकला. त्याच्या मुलीने दुकान हातात घ्यायच्या ऐवजी शाकाहार हातात घेतला, आणि एका शनिवारी शटर खाली आलं ते आलंच.

रोजगार कचेरीतल्या बाईंना तर आनंदच झाला. "खाटीक ना तुम्ही? मग कसली काळजी! तो हमरस्त्यावरचा मोठा कत्तलखाना माणसं मागून मागून दमलाय. सोमवारी पाठवू का?"

त्या कत्तलखान्यात आन्स्गारचा मेव्हणा होता. पट्ट्यावरून डुकरं यायची आणि मेव्हणा दिवसभर त्यांची फक्त डावी मागची तंगडी कापायचा. उजवीला वेगळा माणूस. कंटाळा येत नाही का विचारलं, तर म्हणाला, "पुढच्या वर्षी उजवीवर घेतील असं ऐकतोय." हे तो हौसेने सांगत होता, हेच आन्स्गारला जास्त लागलं.

"मला थोडा वेळ द्या," तो बाईंना म्हणाला. "मला वृद्धाश्रमात काम शिकायचंय."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे हात पाहिले. मग म्हणाल्या, "बघा बुवा. या महिन्याच्या आत कुणी शिकाऊ म्हणून घेतल्याचा सही केलेला करार आणा. नाहीतर कत्तलखाना. मला तरी तुम्हाला कुठे ना कुठे बसवावंच लागेल."

घरी येऊन त्याने ही गोष्ट बायकोच्या कानावर घातली. मेश्टिल्ड गावातल्या बायकांचे केस कापायची, आणि कात्रीइतकीच तिची जीभ चालायची.

"तू? शुश्रूषा?" ती खो खो हसली. "अरे, म्हातारे तुला बघून खाटेखाली लपतील! त्यांना वाटेल, नंबर आला."

तो बटाटा सोलत राहिला. मग तिचं हसू थांबलं, कारण तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. आन्स्गारची आई शेवटचं वर्षभर अंथरुणाला खिळून होती. तिला कुशीवर वळवायचं, तिचे केस विंचरायचे, सूप गाळून चमच्याने भरवायचं, सगळं यानेच केलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं. आई गेली त्या दिवशी तो रडला, आणि त्याहून जास्त तिसऱ्या दिवशी रडला, कारण सकाळी उठून करायला कुणी उरलं नव्हतं.

"सरक," मेश्टिल्ड म्हणाली. "आण इकडे तो संगणक."

शोधायला बसल्यावर कळलं की म्हाताऱ्यांची सेवा करायचे रस्ते जगात इतके आहेत की निवडता निवडता आपणच म्हातारे व्हावं. एक तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता, त्यात शरीरातल्या सगळ्या हाडांची नावं पाठ करायची होती. आन्स्गारला हाडं पाठ होती, पण डुकराची. एक दोन महिन्यांचा होता, त्यात म्हाताऱ्यांशी नुसत्या गप्पा मारायच्या होत्या. आणि एक वर्षभराचा होता: तीन दिवस आश्रमात काम, दोन दिवस शाळा, वर्षाअखेर परीक्षा, आणि पहिल्या महिन्यापासून पगार.

"शिकता शिकता पगार?" मेश्टिल्डने कपाळावर हात मारला. "मी शिकले तेव्हा मालकिणीच्या पोरांचे केस फुकट कापले मी दोन वर्षं! बस, हाच. आणि आश्रम तर आपल्या नदीकाठचाच. भर अर्ज."

अर्ज लिहायला मात्र अख्खा आठवडा गेला. 'आपल्याला हे काम का करावंसं वाटतं' या प्रश्नापाशी आन्स्गार तीन संध्याकाळ पेन चावत बसला आणि शेवटी त्याने लिहिलं: 'मला मांस, हाडं आणि सांधे हाताळण्याचा दीर्घ अनुभव असून माझ्या कामाबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही.'

"कशी येईल तक्रार?" मेश्टिल्ड किंचाळली. "कापलेलं डुक्कर तक्रार करतं का कधी? खोड ते! आईचं लिही, आईचं."

आईचं लिहिताना त्याला ओळी सुचेनात, म्हणून मेश्टिल्डने त्याला बोलायला लावलं आणि तो बोलला तसं तिने टिपलं. चांगलं झालं ते. पण फोटोने घात केला. अर्जाला फोटो जोडायचा होता आणि आन्स्गारचा एकमेव बरा फोटो होता नेमबाजी मंडळाच्या जत्रेतला. त्या वर्षी खांबावरचा लाकडी पक्षी नेम धरून यानेच पाडला होता, त्यामुळे मंडळाच्या रिवाजाप्रमाणे तो वर्षभराचा राजा होता. मेश्टिल्डने फोटोतला बिअरचा पेला कापला, शेजारचा बँडवाला कापला, पण गळ्यातली राजाची चांदीच्या बिल्ल्यांची साखळी काही कापता येईना. ती कापली तर हनुवटीही जात होती. अर्ज तसाच गेला.

दोन दिवसांनी फोन आला. आश्रमाच्या मेट्रन टेर्ब्रुगेनबाई. आवाज असा की आन्स्गार स्वयंपाकघरात एकटा असूनही ताठ उभा राहिला.

"ब्र्यूनिंगसाहेब, राजाची जागा आमच्याकडे रिकामी नाही."

"नाही बाई. म्हणजे, हो बाई."

"शिकाऊची एक आहे. आईबद्दल लिहिलंय ते खरं आहे?"

"खरं आहे."

"मग सोमवारपासून तीन दिवस येऊन काम करून दाखवा. लिहितात सगळेच छान."

आता इथे एक गोष्ट घडली, आणि तिच्यात आन्स्गारचा दोष काढायचा तर अख्ख्या प्रांताचा काढावा लागेल. आमच्याकडे नवीन कामावर जाणारा माणूस पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने जात नाही. सगळ्यांना खाऊ घालतो. आणि खाऊ म्हणजे काय, तर छोटे गोल पाव आडवे चिरायचे, लोणी लावायचं, त्यावर डुकराचा ताजा कच्चा खिमा, मीठ, मिरी, आणि वर बारीक चिरलेला कांदा. कच्चाच. शिजवला तर लोक विचारतात, घरी काही दुःखद झालंय का. सोमवारी उजाडायच्या आत आन्स्गारने स्वतःच्या यंत्रावर खिमा काढला, दोन मोठी तबकं भरली आणि कामावर निघाला. दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदाच तो शीळ घालत होता.

आश्रमात सकाळची गडबड चालली होती. एक सिस्टर हातात तीन उशा घेऊन धावत चालली होती. आन्स्गारने विचारलं, "हे कुठे ठेवू?" ती धावता धावता म्हणाली, "ठेवा त्या गाडीवर." तिने तबकात काय आहे ते पाहिलं नाही. आन्स्गारने ती गाडी कसली आहे ते विचारलं नाही. ती होती म्हाताऱ्यांच्या न्याहारीची गाडी.

जेवणघरात नेहमीची न्याहारी मांडलेली होती. पांढरा मऊ पाव, मुरंबा, आणि ज्याला चव नाही अशी शपथ घेऊन सांगता येईल असं चीज. म्हातारेकोतारे खाली माना घालून बसले होते. एवढ्यात गाडी आत आली, कांद्याचा वास सुटला, आणि पहिली मान वर झाली ती ओव्हरकाम्पसाहेबांची. हे गावचे निवृत्त पोस्टमास्तर. नव्वदी ओलांडलेले, आणि आश्रमातल्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष.

"हे काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"खिम्याचे पाव, साहेब. आज सकाळी काढलाय."

"कच्चा?"

"म्हणजे काय! शिजवायला तो काय खराब झालाय?"

ओव्हरकाम्पसाहेबांनी डोळे मिटले. मग उघडले आणि एकामागून एक चार पाव खाल्ले. तोवर जेवणघर जागं झालं होतं. ज्या आजीबाईंना कालपर्यंत चमचा उचलवत नव्हता त्या दोन्ही हात पुढे करत होत्या. चालताना आधाराला चाकांची गाडी घेऊन फिरणाऱ्या तीन म्हाताऱ्यांनी तर पाव रुमालात गुंडाळून गाडीच्या टोपलीत टाकले आणि वर लोकरीचे गोळे ठेवले. आन्स्गारला वाटलं, जमलं बुवा आपल्याला हे काम. पहिल्याच दिवशी!

आणि दारात टेर्ब्रुगेनबाई उभ्या राहिल्या.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आन्स्गारला बाहेर बोलावलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ब्र्यूनिंगसाहेब, म्हाताऱ्या माणसांना कच्चं मांस का देत नाहीत, माहीत आहे तुम्हाला?"

"आमच्या दुकानातनं तर सगळेच..."

"तुमच्या दुकानात येणारा माणूस दुकानापर्यंत चालत येत होता. इथल्यांच्या अंगात जुलाब सोसायची ताकद नाही. तुमचं-आमचं पोट एक दिवस बिघडतं. इथे माणूस जातो. मी पाहिलंय."

आन्स्गारला एकदम आई आठवली. शेवटी शेवटी तिला पाण्याचा घोटसुद्धा तो चमच्यात घेऊन, आधी स्वतःच्या ओठाला लावून द्यायचा. तोच माणूस आज तबकं घेऊन वाटत सुटला होता.

"घालवू नका मला," तो कसाबसा म्हणाला. "म्हणजे घालवा हवं तर, पण आधी ते पाव परत गोळा करू दे."

हे बोलणं सोपं होतं. म्हाताऱ्यांनी तोंडातला घास देऊ पण पाव देणार नाही असा पवित्रा घेतला. एक आजी पावावर चक्क बसली. "लहानपणापासून खातेय! दोन नवरे पोचवले, अजून मला काही झालं नाही!" दुसरे आजोबा म्हणाले, आपल्याला ऐकूच येत नाही. सिस्टर त्यांच्या हातातून पाव ओढायला गेली तर त्यांनी आपल्याला मारहाण होत असल्याचं जाहीर केलं, आणि ते मात्र फार मोठ्याने.

"थांबा, ओढू नका," आन्स्गार म्हणाला. हातात गेलेला माल हिसकावून परत मिळत नाही, एवढं त्याला दुकानाने शिकवलं होतं. तो आजीबाईंसमोर गुडघ्यांवर बसला. "बाई, चूक माझी झाली. मला माहीत नव्हतं. हा मला द्या, मी पाच मिनिटांत तव्यावर परतून, वर कांदा घालून तुम्हालाच परत आणतो. दुसऱ्या कुणाला देणार नाही."

"माझाच?"

"तुमचाच. ओळखायला वर दोन मिरे ठेवतो."

आजी उठली. पाव चपटा झाला होता, पण आला. मग टोपल्यांमधले आले, खुर्च्यांवरच्या उशांखालचे आले, एक तर खिडकीतल्या कुंडीतून आला. आन्स्गारने सगळ्यांचे खमंग वडे तळले आणि ज्याचे त्याला पोचवले. टेर्ब्रुगेनबाई हाताची घडी घालून बघत होत्या. सगळा हिशोब लागला, फक्त ओव्हरकाम्पसाहेबांच्या पोटातले चार सोडून.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "बुधवार संध्याकाळपर्यंत दिवसभर तुम्ही ओव्हरकाम्पसाहेबांच्या खोलीतून हलायचं नाही, रात्री सिस्टर बघेल. ताप बघायचा, पाणी पाजायचं, पोट कसं आहे ते विचारायचं. बुधवारपर्यंत निभावलं तर करारावर बोलू. त्यांच्या पोटात कळ जरी आली, तरी तुमचा आमचा संबंध संपला."

"त्यांना हे सांगायचं का?"

"त्यांना कशाला घाबरवता? सांगायचं नाही."

घरी मेश्टिल्डने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "माणसं पहिल्या दिवशी केक नेतात रे, केक!" आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मंगळवार आन्स्गारने जीव मुठीत धरून काढला. ओव्हरकाम्पसाहेबांनी ढेकर दिला तरी तो उठून उभा राहायचा. पण म्हाताऱ्याला काही होईना. उलट तो खुलला होता. वर्षानुवर्षं त्याच्या खोलीत लोक यायचे ते गोळी द्यायला, चादर बदलायला, आणि निघून जायला. हा माणूस बसून राहिला होता! साहेबांनी त्याला पोस्टातली सगळी भांडणं सांगितली. कुणाची प्रेमपत्रं कुणाच्या दारात पडली आणि त्यातून कुणाचं लग्न मोडलं, तेही सांगितलं. त्यातली अर्धी माणसं आन्स्गारची गिऱ्हाईकं होती. दोघे पत्ते खेळले. साहेब लबाडी करायचे, आन्स्गार बघून न बघितल्यासारखं करायचा. आंघोळ घालताना साहेब म्हणाले, "हात तुमचे एवढाले, पण लागत नाहीत हो." आन्स्गारने त्यांची पाठ पुन्हा एकदा पुसली.

बुधवारी दुपारचं जेवण झालं. साहेबांनी ताट चाटून पुसून स्वच्छ केलं, वर चोरून ठेवलेलं चॉकलेट खाल्लं. पत्त्यांचा डाव मांडता मांडता आन्स्गार म्हणाला, "आज शेवटचा दिवस, साहेब. संध्याकाळी सुटी."

"म्हणजे? उद्या येणार नाही?"

"उद्याचं मेट्रनबाईंच्या हातात."

ओव्हरकाम्पसाहेबांनी पत्ते खाली ठेवले. खिडकीबाहेर पाहिलं. आणि मग एकाएकी पोट धरून वाकले.

"आई गं! ब्र्यूनिंग! कळ आली!"

आन्स्गारच्या हातातून पत्ते सांडले. "कुठे? कुठे दुखतंय?"

"इथे, डावीकडे. फार जोरात. अशी आधी कधी आली नव्हती. माझ्याजवळ माणूस बसवावा लागेल. दोन-चार आठवडे तरी."

आन्स्गारने त्यांच्या कपाळाला हात लावला. थंडगार. नाडी बघितली, घड्याळासारखी चालली होती. "नक्की डावीकडे?"

"डावीकडेच," साहेब म्हणाले, आणि उजवी बाजू दाबून कण्हले.

आन्स्गार खुर्चीत बसला. म्हातारा सोंग करत होता, हे त्याला पुरतं कळलं होतं. संध्याकाळ व्हायला दोन तास होते. गप्प बसायचं, डाव खेळायचा, साहेबांना थोडं दटावायचं, की करार हातात. आणि वर जाऊन सांगितलं तर? त्याच्या डोळ्यांसमोर पट्टा आला, त्यावरून येणारी तंगडी आली. डावी. मग दुसरी डावी. मेव्हणा बाजूला सरकून जागा करून देत होता.

पण आईलाही शेवटच्या महिन्यात दुखायचं ते कधी डावीकडे, कधी उजवीकडे. डॉक्टर म्हणाले होते, म्हाताऱ्या माणसांना नेमकं सांगता येत नाही. एकदा तोही म्हणाला होता, आई, उगाच करतेस. ते उगाच नव्हतं.

"मी आलोच साहेब," तो म्हणाला. जिना चढताना त्याला रडूच यायला लागलं होतं, आणि स्वतःचा रागही येत होता. मेट्रनबाईंचं दार त्याने ठोठावलं. "बाई, ओव्हरकाम्पसाहेबांच्या पोटात दुखतंय म्हणतात. ताप नाही, नाडी ठीक आहे. पण डॉक्टरांना बोलवा."

बाई उठल्या. फोन उचलला. डॉक्टर आले, त्यांनी पोट दाबलं, ठोकलं, कान लावून ऐकलं. "माझ्या पोटापेक्षा चांगलं आहे," ते म्हणाले. "तरी धोका नको. चार पाव खाल्लेत म्हणता, तर नेऊ या मोठ्या रुग्णालयात. एक नळी घालून आतून बघतील."

"कुठून घालतील?" ओव्हरकाम्पसाहेबांनी विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं.

"मला काहीही होत नाहीये!" साहेब ताडकन उठून बसले. "मला वाटलं, दुखलं तर याला ठेवतील! तीन दिवस कुणीतरी बसलंय माझ्यापाशी. पत्त्यात हरतो बिचारा, आणि घाई नाही करत. मग काय करायचं मी? अर्ज करायचा का?"

डॉक्टरांनी पिशवी आवरायला घेतली. टेर्ब्रुगेनबाई आन्स्गारकडे वळल्या. "तुम्हाला संशय आला नव्हता?"

"आला होता."

"मग वर का आलात? सांगितलं तर काय होईल ते तुम्हाला माहीत होतं."

"संशयच होता ना बाई," आन्स्गार म्हणाला. "खरंच दुखत असतं तर?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याला बराच वेळ लागला. मग त्या पलंगापाशी गेल्या आणि आपल्या नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, "ओव्हरकाम्पसाहेब, दुखतंय म्हणालात ना? मग आता रविवारपर्यंत बिनमिठाची पेज. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"हा जुलूम आहे! मी मंडळात ठराव मांडीन!"

"मांडा. आणि स्वतः खाणार नाही म्हणालात, तर भरवायला माणूस देईन."

"कोण भरवणार मला?"

"कोण म्हणजे?" टेर्ब्रुगेनबाई दाराकडे जात म्हणाल्या. "आमचा नवा शिकाऊ. ब्र्यूनिंगसाहेब, सही करायला वर या, आणि येताना स्वयंपाकघरात पेज टाकायला सांगा."